वरची सळई वरच

१

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरवर ड्रॉइंग उघडेना.

काकांचा फोन आला तेव्हा मी कामावर निघण्याच्या बेतात होते. "बाळ, सगळं ठप्प झालंय," ते म्हणाले. "स्क्रीनवर लायसन्स नाही, लायसन्स नाही, एवढंच येतंय. आणि उद्या चौकशीची माणसं यायचीत. येशील का?"

काका म्हणजे बाबांचे भागीदार. इमारतींच्या सांगाड्याचं डिझाइन करणारं हे छोटं ऑफिस दोघांनी काढलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. बाबा गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आई एकदा जाऊन त्यांचा चष्मा घेऊन आली होती, तेवढंच. ऑफिसबद्दल माझ्याशी काही बोलला असेल तर तो फक्त दादा, तिथल्या साइटची कामं तोच बघतो. आपणहून फोन करणं दादाच्या स्वभावात नाही. पण मागच्या आठवड्यात त्याने केला. लहानपणी चिडवायचा तसं 'ठमे' म्हणाला. आईच्या गोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, बाबांचं मशीन घरी आणावं म्हणतोय, त्यात आईचे फोटो आहेत, पण सेल गेलेला दिसतो, घड्याळ भलतीच तारीख दाखवतंय. तसंच चालवलं तर काय होईल? मी त्याला सगळं समजावून सांगत बसले. त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, बाबा गेले, पण निदान मला भाऊ परत मिळाला.

नेटवर्कवरच्या लायसन्सचे घोळ निस्तरणं हेच माझं पोटापाण्याचं काम. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्रात मी बसते. बाबांच्या ऑफिसातला सर्व्हरही मीच लावून दिला होता. त्याचं काम साधं आहे. कोणी ड्रॉइंग उघडलं की त्याचं मशीन सर्व्हरकडे एक जागा मागतं, सर्व्हर ती देतो, काम संपलं की परत घेतो. जागा कोणाला दिली, कुठल्या मशीनवर दिली आणि केव्हा दिली, याची तो खूण करून ठेवतो. सकाळी सुरू होताना तो एवढंच पाहतो, की या खुणा एकामागून एक पुढेच जातायत ना. एखादी मागे गेलेली दिसली की त्याला संशय येतो: मुदत संपलेलं लायसन्स वापरण्यासाठी कोणीतरी घड्याळ मागे नेलंय. मग तो सगळ्यांनाच दार लावून घेतो. नंतर घड्याळ बरोबर केलं तरी तो विसरत नाही. कंपनीने कारण विचारून, ते नोंदवून घेऊन, आपल्याकडून कुलूप काढलं तरच तो उघडतो.

कारण बहुतेक जण एकच सांगतात. सेल गेला. पुष्कळदा ते खरंही असतं.

सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. जुन्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, एक मोडका टेबलफॅन आणि मधोमध घरघरणारं ते धूड. मी स्टुलावर बसले आणि खुणा उघडल्या. शनिवार संध्याकाळच्या सगळ्या खुणा ओळीने होत्या. आज सकाळची, सर्व्हर सुरू झाल्याची, तीही होती. त्यांच्या मध्ये, जिथे फार तर रविवार असायला हवा होता, तिथे गेल्या उन्हाळ्यातली तारीख होती.

मशीनचं नाव होतं ओळंबा. ऑफिसातल्या मशीनना बाबांनी गवंड्याच्या हत्यारांची नावं दिली होती. थापी, गुण्या, पहार. ओळंबा त्यांचं स्वतःचं.

लॉगिनही त्यांचंच होतं. काल, रविवारी, माझे गेलेले बाबा ऑफिसात आले होते आणि एक ड्रॉइंग काढून गेले होते.

२

काका बाबांच्या केबिनमध्ये बसले होते. त्यांच्या खुर्चीत नाही, समोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत. टेबलावर ओळंबा होता, शेजारी बाबांचं मोठं भिंग.

"झालं का सुरू?"

"होईल. आधी मला सांगा, उद्या चौकशीत कुठलं ड्रॉइंग दाखवणार आहात?"

चौकशी पोहण्याच्या तलावाच्या गॅलरीची होती. प्रेक्षकांसाठी भिंतीतून बाहेर काढलेली, पुढे खांब नसलेली गॅलरी. एका सकाळी तिचं टोक अचानक खाली आलं. खाली झाडत असलेल्या बाईंचा पाय त्यात सापडला. त्या अजून इस्पितळात होत्या आणि पाय राहतो की जातो हे कोणी सांगत नव्हतं.

अशा अधांतरी स्लॅबमध्ये मुख्य लोखंड वरच्या बाजूला लागतं. काँक्रीट ओतताना माणसं त्यावरून चालतात, सळया खाली दबतात. म्हणून त्यांच्याखाली लोखंडाच्या छोट्या खुर्च्या ठेवायच्या असतात. पडलेल्या गॅलरीत सळया खालीच सापडल्या होत्या. गॅलरीचं डिझाइन बाबांचं होतं. साइटवर उभं राहून काम करून घेतलं होतं दादाने. बाबांची तब्येत तेव्हा त्यांना घराबाहेर पडू देत नव्हती.

काकांनी कागद पुढे सरकवला. "हे सुधारित ड्रॉइंग. आजच सकाळी छापून आलंय."

"आज सगळं बंद असताना?"

"दादाने आणलं बाहेरून छापून. फाइल काल सापडली म्हणाला, तुझ्या बाबांच्या मशीनवर."

मी पाहिलं. कोपऱ्यात गेल्या उन्हाळ्यातली तारीख होती. सर्व्हरवर पाहिलेलीच. मुख्य सळई खालच्या बाजूला दाखवली होती.

"काका, ही चूक कॉलेजातलं पोरही करणार नाही."

"मला का कळत नाही?" ते चिडले नाहीत, फक्त थकल्यासारखे म्हणाले. "पण नजर गेली होती गं त्याची. शेवटी शेवटी समोरचा माणूस ओळखू यायचा नाही. कोणाला सांगायचा नाही, पण मला दिसत होतं. तारीख त्याची, लॉगिन त्याचं. उद्या मी उभा राहून सांगणार आहे, की चूक माझ्या मित्राची झाली आणि मी ती तपासली नाही."

"तुम्हाला पटलं हे?"

काकांनी भिंग उचललं आणि पुन्हा ठेवलं. "पटवून घेतलं."

आयुष्यभराची मैत्री, आणि ती एका छापील कागदासमोर एवढीशीही अडली नाही.

"काका, एक विचारते. ऑफिसातल्या एखाद्या मशीनचं घड्याळ मागे नेलं तर काय होतं?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आपण उशिरा घरी जातो," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून ओशाळले. "मला मेल पाठवायला पण ताई लागतात, तुला माहितेय. दादा तर म्हणत होता तुला बोलवूच नका. तिला इथे येऊन त्रास होईल, कंपनीला नुसता फोन करा, सेल गेला म्हणून सांगा, ते उघडून देतात. पण मला वाटलं, घरचं माणूस असताना परक्याला कशाला?"

मी मान हलवली. दादाने माझी काळजी केली याचं क्षणभर बरं वाटलं. आणि मग ते बरं वाटणं जागच्या जागी थांबलं.

३

ताईंना सगळे पेन्सिलताई म्हणतात. ऑफिसात कागदावर काही काढायचं बंद होऊन जमाना झाला, तरी त्यांच्या अंबाड्यात पेन्सिल असतेच. बाबांनी आखलेलं ड्रॉइंग मशीनवर उतरवायचं ते त्यांनी. त्या आत आल्या आणि दार लावून उभ्याच राहिल्या.

"बसा ना, ताई."

"नको. बसले की मी बोलेन."

"बोलाच मग."

त्या बसल्या. "गॅलरीचं पहिलं ड्रॉइंग मी काढलंय. साहेब शेजारी बसलेले. नजर गेली तेव्हापासून त्यांची एक रीत होती. मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. एक शब्द राहिला तर म्हणायचे, ताई, परत. आणि शेवटी त्यांचं ते वाक्य."

ते वाक्य मला ठाऊक होतं. घरात आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करायचो. वरची सळई वरच. कुठल्याही बाल्कनीच्या, गॅलरीच्या, छज्ज्याच्या ड्रॉइंगवर ते साइटवरच्या माणसांसाठी हे वाक्य ठळक अक्षरांत लिहायला लावत. जेवताना आईने भाजी वाढली की दादा म्हणायचा, "वरची सळई वरच," आणि पोळी भाजीवर ठेवायचा. बाबा सगळ्यांच्या आधी हसायचे.

"या कागदावर ते वाक्य नाही," मी म्हटलं.

"नाही ना." ताईंनी कागद बाजूला सारला. "सकाळी हा पाहिला तेव्हा वाटलं, मला बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाला बसवलं साहेबांनी. इतकी वर्षं वाचून दाखवलं मी. रागच आला मला त्यांचा. मेलेल्या माणसाचा राग येणं म्हणजे किती वाईट, सांगताही येत नाही कोणाला."

"काल तुम्ही ऑफिसात आला होतात?"

"सकाळी आले होते, काम उरलं होतं. मी निघताना काका आले. त्यांच्यानंतर दादा येणार होता म्हणे, मशीन न्यायला. किल्ल्या तिघांकडेही आहेत. साहेबांचा पासवर्ड कोणाला ठाऊक नाही विचार. तेच वाक्य, सगळे शब्द जोडून." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ड्रॉइंग चुकीचं निघालं तर काढणारी मी आहे. तेव्हा माझ्यावर संशय घ्यायला जागा आहे. घे."

"मशीनचं घड्याळ मागे नेलं तर काय होतं, ताई?"

"जागा मिळत नाही. मागे माझ्या थापीचा सेल गेला होता तेव्हा दिवसभर उघडलं नव्हतं काही. तुझ्या बाबांनी बाजारातून सेल आणला तेव्हा कुठे चाललं. का होतं ते नाही विचारलं मी."

त्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "साहेबांनी मला फसवलं नाही, एवढं मला कळलं तरी पुरे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मी एकटी राहिले. ताईंनी, माहीत नाही म्हणून सुटता आलं असतं तरी, आपल्याला काय माहीत आहे ते सांगून टाकलं होतं. जे त्यांना माहीत होतं ते अर्धं होतं. सर्व्हर जागा देताना मागणाऱ्याचं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळवून पाहतो. एकट्या मशीनचं मागे नेलं तर तो नाही म्हणतो. जुनी तारीख टाकून ड्रॉइंग काढायचं तर मशीनचं घड्याळही मागे न्यावं लागतं आणि जिन्याखालच्या सर्व्हरचंही.

ही दोन घड्याळांची गोष्ट या ऑफिसात कोणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. कोणीतरी ती सांगितल्याशिवाय.

४

दादा दुपारी आला. हेल्मेट काखेत, बुटांना सिमेंट. मला पाहून त्याने दोन कप चहा मागवला आणि सकाळी काका बसले होते त्याच खुर्चीत बसला.

"आलीस शेवटी. काकांना म्हटलं होतं तिला नका ओढू यात."

"आले. तू काल मशीन न्यायला आला होतास ना? मग ते अजून इथेच कसं?"

"जड आहे गं. पाठ धरली माझी. म्हटलं, कोणाला तरी घेऊन येऊ." त्याने ओळंब्यावर हात ठेवला, बाबा ठेवायचे तसाच. "फोटो बघत बसलो आईचे आणि ही फाइल दिसली. मला आधी वाटलं दाखवूच नये कोणाला. पण त्या बाईंचा पाय गेला तर? कोणाला तरी जबाबदारी घ्यावी लागेल ना?"

"बाबांनी घ्यावी?"

"मी असं म्हटलं का? चूक झाली त्यांच्या हातून. आजारी होते. लोक समजून घेतील." तो चहा ढवळत राहिला, साखर केव्हाच विरघळली होती. "तू नको वाईट वाटून घेऊ."

मी कप हातात धरून बसले. मला जे विचारायचं होतं ते विचारायचं नव्हतं. वाटत होतं, त्याने नुसतं म्हणावं, अगं हो, मागे तूच नाही का मला सांगितलंस. एवढं म्हणाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं, आणि मला तेच हवं होतं.

"सर्व्हर बंद पडला त्याचं कारण सापडलंय," मी म्हटलं. "कोणीतरी घड्याळ मागे नेलं होतं."

"मागे?" दादाने भुवया उंचावल्या. "कॉम्प्युटरचं घड्याळ असं मागे नेता येतं? मला काय कळतंय त्यातलं. तू आणि तुझी घड्याळं."

तो हसला. मीही हसले असावे, कारण त्याने कप खाली ठेवला आणि सैलावून बसला.

मी बाहेर जाऊन काकांना आणि ताईंना आत बोलावलं.

५

"कारण उद्या चौकशीच्या लोकांना सांगायचंच आहे," मी म्हटलं. "आधी तुम्हाला सांगते."

सर्व्हरवरच्या खुणा मी त्यांना दाखवल्या. शनिवार, मग गेला उन्हाळा, मग आज. "हे ड्रॉइंग उन्हाळ्यात निघालं नाही. काल निघालं. बाबांच्या मशीनवर, बाबांच्या लॉगिनने."

काकांनी भिंतीला हात टेकला.

"ज्याने काढलं त्याला माहीत होतं की दोन्ही घड्याळं मागे न्यावी लागतात. काकांना माहीत नव्हतं. माहीत असतं आणि हे त्यांनी केलं असतं, तर खुणा वाचू शकणाऱ्या एकाच माणसाला त्यांनी फोन केला नसता. ताईंना एकाच घड्याळाचं माहीत होतं, आणि तेही त्यांनी न लपवता सांगितलं. दोन घड्याळांचं मी या ऑफिसातल्या एकाच माणसाला सांगितलंय. मागच्या आठवड्यात, फोनवर. सर्व्हर बंद पडला तर लोक सेल गेला म्हणून सांगतात आणि कंपनी उघडून देते, हेही. आज सकाळी काकांना हाच सल्ला देणारा माणूस, मघाशी मला म्हणाला, घड्याळ मागे नेता येतं का."

ताईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून हातात घट्ट धरली होती.

"मुख्य सळई खाली दाखवायची तर ते वाक्य ठेवता येत नाही. म्हणून ते पुसलं," मी दादाकडे पाहत म्हटलं. "ज्या शब्दांनी तू बाबांच्या मशीनमध्ये शिरलास, तेच शब्द."

दादा हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. "खुर्च्या आल्या नव्हत्या त्या दिवशी," तो शेवटी म्हणाला. "काँक्रीटची गाडी येऊन उभी होती. परत पाठवली असती तर आठवडा गेला असता. म्हटलं, माणसांना सांभाळून चालायला सांगू. मी होतो तिथे. मला वाटलं राहतील वर."

"आणि राहिल्या नाहीत."

"मला दोन मुलं आहेत." त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे कोरडे होते आणि त्यात खरोखरचं आश्चर्य होतं, जणू मला एवढं साधं कळत नाही याचं. "माझा परवाना जाईल, कदाचित आत जाईन. बाबांचं काय होणार आहे आता? गेलेल्या माणसाला कोण काय करतं? आणि ते असते ना, तर त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं असतं. तुलाही माहितेय ते."

मला माहीत होतं. तेच सगळ्यात जास्त लागलं. बाबांनी खरंच घेतलं असतं. रात्रभर बसून त्याला रागावले असते आणि सकाळी चौकशीला स्वतः गेले असते.

"त्यांनी आपलं नाव आपणहून दिलं असतं, दादा. तू ते न विचारता घेतलंस."

काका बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. "आणि मला पटलं," ते पुटपुटले. "मला पटलं कसं रे?" हे ते दादाला विचारत नव्हते.

मी कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडे माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण होती. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो.

"तू? आज रजा ना तुझी?" ती म्हणाली. मी ऑफिसचा क्रमांक सांगितला. की-बोर्डचा आवाज आला. "हं, घड्याळ मागे गेलंय. आता कारण तर तुला पाठच आहे. सेल गेला, असं टाकते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. या कारणासाठी कोणी कोणाला दोष देत नाही. ते नोंदलं गेलं की मधली ती खूण एक बिघाड ठरते, आणि कागदावरची तारीख खरी धरली जाते. माझ्या एका हो वर सगळं जागेवर बसलं असतं. बाबा सोडून.

"ठमे," दादा हळूच म्हणाला.

"नाही," मी फोनवर म्हटलं. "सेल ठीक आहे. माणसाने मागे नेलं. जुन्या तारखेचं ड्रॉइंग काढण्यासाठी."

मास्तरणीचा आवाज बदलला. "कोणी ते कळलंय? नाव लागेल मला."

मी पूर्ण नाव सांगितलं. दादाचं, बाबांचं, आणि मग आडनाव, जे माझंही आहे. ती लिहून घेताना आडनावापाशी थांबली.

दादा उठला. हेल्मेट घेतलं, दारापर्यंत गेला, आणि तिथे काय करावं हे न कळल्यासारखा उभा राहिला. ताई बाजूला झाल्या नाहीत.

"काढलंय कुलूप," मास्तरीण म्हणाली. "एखादं मशीन उघडून बघतेस?"

सगळ्यात जवळ ओळंबा होता. मी बाबांच्या खुर्चीत बसले. खुर्ची त्यांच्या उंचीची होती, माझे पाय नीट टेकत नव्हते. स्क्रीनने पासवर्ड मागितला. मी सगळे शब्द जोडून लिहिले, एकही न गाळता, आणि ड्रॉइंग उघडलं.